पोटदुखीला कंटाळून

कंटाळा हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा वापरतो. रांगेत उभं राहून येतो, सत्काराच्या भाषणात येतो, त्याच त्या भाजीचा येतो, रविवारी दुपारी काही कारण नसताना येतो. कंटाळा आला की माणूस जांभई देतो, खिडकीत जाऊन उभा राहतो, फार तर घरातल्या कुणाशी तरी भांडण उकरून काढतो. मरत नाही. कंटाळ्याने मेलेलं माणूस मी तरी पाहिलं नव्हतं, आमच्या वर्तमानपत्राचे जुने अंक उघडेपर्यंत.

मी वर्तमानपत्राच्या कात्रण विभागात आहे. विभाग म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली, लोखंडी मांडण्या, एक स्कॅनिंगचं यंत्र आणि मी. जुने अंक तीन-तीन महिन्यांचे मिळून पुठ्ठ्यात बांधलेले आहेत. ते यंत्राखाली उघडून ठेवायचे, पानापानाचा फोटो घ्यायचा आणि प्रत्येक बातमीला संगणकात शोधायला सोपा असा एखादा शब्द जोडायचा, हे दोन वर्षांपासूनचं काम. ‘पाणीटंचाई’, ‘अपघात’, ‘नगरपालिका’. शिशाचे खिळे जुळवून छापलेली अक्षरं यंत्राला धड वाचता येत नाहीत. त्यामुळे वाचायचं मीच, एकेक ओळ, नाकाला रुमाल बांधून.

पहिल्या महिन्यातच ते वाक्य दिसलं. ‘पोटदुखीला कंटाळून विवाहितेने जीवनयात्रा संपविली.’ वाईट वाटलं आणि पान उलटलं. चार दिवसांनी पुन्हा तेच, गाव वेगळं. मग आठवड्याला एक, कधी दोन. शेवटी मी एक वही घातली. वर्षं पुढे सरकत गेली तसा वहीतला आकडा एकशे चौदावर गेला. एकशे चौदा बायका, बहुतेक एकोणीस ते सव्वीस वर्षांच्या, बहुतेक नव्या सुना, आणि सगळ्यांचं पोट दुखत होतं. त्या काळात सुनांच्या पोटात असं काय शिरलं होतं देव जाणे. सासवांचं दुखत नव्हतं, नणंदांचं दुखत नव्हतं, आणि पुरुषांना तर पोट नसावंच. पुरुष बेकारीला कंटाळायचे, आजारपणाला कंटाळायचे. एक जण शेजाऱ्याच्या रेडिओला कंटाळून घर सोडून गेला होता आणि चार दिवसांनी सुखरूप परत आल्याचीही बातमी होती. बायकांना कंटाळायला एकच जागा मोकळी ठेवली होती.

मला किळस यायला लागली. बायकांची नाही, वाक्याची. ज्याने ते पहिल्यांदा लिहिलं असेल त्याने निदान डोकं तरी खाजवलं असेल. नंतरच्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. ‘कंटाळून’ म्हटलं की सगळं आटोपतं. कुणी काही केलेलं नसतं, कुणाला काही विचारायचं नसतं. बाई आपली आपणच कंटाळते आणि घरातले बिचारे बघत राहतात.

पण नाकं मुरडायची तरी कुणाकडे बघून? या वाक्यावर एकतीस वर्षं नोकरी केलेला माणूस माझ्याच घरात राहतो आणि माझ्याच हातचं जेवतो. माझे बाबा.

बाबा आता ऐंशीचे आहेत. पोलीस आणि रुग्णालयं या दोन ठिकाणच्या बातम्या ते आणायचे. कुणाचाही मृत्यू इतक्या थोडक्यात बसवायचे की छापखान्यात त्यांना ‘दोनओळी’ म्हणत. हे नाव ते अजूनही पाहुण्यांना मुद्दाम सांगतात. रोज सकाळी लाल पेन घेऊन आजचा अंक तपासतात, कडेला रेघा मारतात आणि ‘पाल्हाळ, नुसता पाल्हाळ’ असं पुटपुटतात. वहीतला आकडा पन्नासच्या पुढे गेला तेव्हा मी त्यांना एकदा विचारलं होतं.

“पोटदुखी म्हणजे काय ते वाचणाऱ्याला बरोबर कळायचं,” ते म्हणाले. “तेव्हाची पद्धतच होती ती. उगाच कुणाची अब्रू चव्हाट्यावर आणायची नाही.”

“कुणाची अब्रू, बाबा?”

“सगळ्यांचीच,” ते म्हणाले आणि त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका शुक्रवारी दुपारी, ताई माझ्या खोलीत आली. ताई म्हणजे माझी आतेबहीण. ती चार वर्षांची असताना आत्या गेली, तिच्या वडिलांनी वर्षाच्या आत दुसरा संसार मांडला आणि ताई आमच्याकडे आली ती स्वतःचं लग्न होईपर्यंत आमचीच. मी तेव्हा दोन वर्षांची होते, मला ताई नसलेलं घर आठवतच नाही. तिचं शिवणकामाचं दुकान आहे, हाताखाली चार बायका आहेत, आणि इतका व्याप असूनही दर रविवारी सकाळी ती बाबांकडे येते. त्यांची नखं कापते, कानातले केस काढते, शर्टांची बटणं बघते. माझं आणि बाबांचं दोन वाक्यांत वाजतं, तिचं कधी वाजत नाही. मामांनी मला वाढवलं, एवढंच ती म्हणते.

माझ्या कामाच्या जागी ती पहिल्यांदाच येत होती. मांडण्यांकडे बघत ती स्टुलावर टेकली आणि पिशवीतून कागद काढायला लागली.

“दोन महिने झाले, पोटात दुखतंय,” ती म्हणाली. “डॉक्टर विचारत होते, आईला पोटाचा कसला विकार होता. आता मला काय माहीत? मामांना विचारलं तर म्हणाले, होतं काहीतरी जुनं. तुझ्याकडे त्या वेळचे पेपर आहेत ना? त्यात आजाराचं नाव असेल की.”

आजाराचं नाव कधीच नसतं, हे मला एकशे चौदा वेळा कळलेलं होतं. पण तिला ते सांगवेना. तिने आपल्याच शहरातल्या रुग्णालयाने दिलेला मृत्यूचा कागद पुढे केला, शेवटी आत्याला इथेच आणलं होतं. मी तारीख पंचांगाशी ताडून बघितली, बुधवार होता. वेळ, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. कारण, विषबाधा. ते वर्ष अजून माझ्या यंत्राखाली आलं नव्हतं. बुधवारी दुपारचा मृत्यू म्हणजे बातमी गुरुवारच्या अंकात, असा हिशेब करून मी तो गठ्ठा खाली काढला आणि टेबलावर उघडला.

पाचव्या पानावर खाली, कोपऱ्यात, ती होती.

‘दीर्घकाळच्या पोटदुखीला कंटाळून येथील घड्याळजींच्या सुनेने (वय २२) विष घेतले. रुग्णालयात उपचार चालू असता तिचा मृत्यू झाला. घटनेबाबत कुणाचीही तक्रार नाही.’

बातमीच्या डोक्यावर आत्याच्या सासरच्या गावाचं नाव होतं आणि त्या गावात तिच्या सासऱ्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. तिचं नाव छापायची गरज नव्हती, तिकडे सगळ्यांना कळणार होतं.

ताईने ते तीनदा वाचलं. “बावीस नाही,” ती म्हणाली. “आई सत्तावीसची होती.” मग तिने बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. “हे इथे लिहिलंय तर. मला वाटायचं, आजी आपली म्हणायची म्हणून म्हणायची.”

“काय म्हणायची आपली आजी?”

“तुझी आई कंटाळली गं, बाळा. मी काहीही विचारलं की तेवढंच.” ती हसली. “मी समजले, मला कंटाळली. दिवसभर तिच्या पदराला धरून असायचे ना. रडकी होते म्हणे फार. मला वाटायचं, जरा गप्प बसले असते तर राहिली असती.”

ताईने लहानपणी कधी काही मागितलं नाही. ताप आला तरी ती सांगायची नाही, कुणाच्या तरी हाताला चटका लागला तर कळायचं. सुट्टीत आम्ही सगळी पोरं कंटाळा आला, कंटाळा आला म्हणून घर डोक्यावर घ्यायचो, ताईच्या तोंडून तो शब्द कुणी ऐकला नाही. आमची आई तिचं उदाहरण द्यायची, बघा, किती शहाणी पोर. शाळेत ती बाईंना विचारायची, ‘बाई, तुम्हाला माझा कंटाळा तर नाही ना आला?’ बाईंनी ते आमच्या घरी येऊन सांगितलं आणि मग पुढे कित्येक वर्षं ते आल्यागेल्याला गंमत म्हणून सांगितलं जायचं. सगळे हसायचे. मीसुद्धा हसले आहे.

“बेचाळीस वर्षं तुला असं वाटतंय?” मी विचारलं.

“आता रोज नाही वाटत,” ती म्हणाली. “पण कुणी घरी आलं आणि चहा न घेता लवकर उठलं, की वाटतं.” तिने मृत्यूचा कागद घडी घालून पिशवीत ठेवला. “आजाराचं नाव काही नाही यात. डॉक्टरांना काय सांगू?”

माहीत नाही म्हणून सांग, असं मी म्हटलं. ती गेली. जाताना स्टूल उचलून जागच्या जागी ठेवून गेली, मी नको म्हणत असताना.

मला बसवेना. एवढं तरी करू म्हटलं, आजाराचं नाव कुठे मिळतंय का बघू. आमच्याकडे त्या काळी रोज दोन आवृत्त्या निघत. शहराची आवृत्ती रात्री बारानंतर छापली जायची. लांबच्या गावांची डाक आवृत्ती मात्र आदल्या दिवशी संध्याकाळी पाचलाच छापून बसवर चढवत, म्हणजे उजाडता उजाडता ती गावोगावच्या थांब्यांवर मिळायची. अंगावर तारीख दुसऱ्या दिवशीची. दोन्हींतला मजकूर जवळपास सारखाच, म्हणून डाकेचे गठ्ठे रद्दीत काढायचं वरून ठरलं होतं. काढण्याआधी त्यात वेगळं काही नाही ना, हे बघणंही माझ्याच गळ्यात होतं. आत्याचं सासर बसने तीन तासांवर. तिकडच्या अंकात बातमी सविस्तर असेल या आशेने मी त्या आठवड्याची डाक काढली. गुरुवारच्या अंकात काही नव्हतं. चुकून पान मागे गेलं म्हणून बुधवारचा अंक उघडला गेला, आणि त्यात होतं.

तेच पान, तोच कोपरा, तेच तीन वाक्यांचं तुणतुणं. तेच बावीस.

मी तारीख पुन्हा बघितली. बुधवारची डाक मंगळवारी संध्याकाळी पाचला छापली. आत्या बुधवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी गेली. म्हणजे ‘तिचा मृत्यू झाला’ हे शब्द कागदावर उमटत होते तेव्हा ती जिवंत होती आणि पुढे एकोणीस तास जिवंत राहणार होती. बुधवारची शहर आवृत्ती काढली, तर त्या कोपऱ्यात साबणाची जाहिरात. कुणीतरी बातमी तिथून उचलली होती आणि बाई खरंच गेल्यावर गुरुवारी पुन्हा आणून बसवली होती, एक अक्षर न बदलता.

मी दोन्ही पानांच्या प्रती काढून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आरसेकाकांकडे गेले. ते आमच्या छापखान्यात खिळे जुळवायचे. खिळ्यांवर अक्षरं उलटी असतात, ती ते भरभर वाचायचे म्हणून सगळे त्यांना आरसा म्हणत. आता पंच्याऐंशीचे आहेत, छापखान्याच्या मागच्या गल्लीत एका खोलीत राहतात. मी बातमीची प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी भिंग लावून ती वाचली आणि ओळखीचं कुणी भेटावं तसे खूश झाले.

“ही उभी असायची,” ते म्हणाले.

“उभी म्हणजे?”

“जुळवून ठेवलेली. दर वेळी नव्याने खिळे कोण वेचणार? सुतळीने बांधून फळीवर ठेवून द्यायची. गाव कळलं की तेवढं बदलायचं, झालं काम. अशा चार होत्या आमच्याकडे. पोटदुखी, स्टोव्ह, पाय घसरून आणि विजेचा धक्का. नुसतं म्हणायचं, अरे, पोटदुखी दे. लगेच हातात.”

“आणि वय?”

“ते बदलायचं राहिलं असेल. बावीस आधीच्या बाईचं असणार.” त्यांनी भिंग खाली ठेवलं. “घाईत व्हायचं तसं.”

“ही बुधवारच्या शहर आवृत्तीतून का काढली?”

आरसेकाकांनी प्रत माझ्याकडे सरकवली. “तुझ्या बाबांना विचार ना.”

“तुम्ही सांगा.”

“दोनओळी स्वतः आले होते, मंगळवारी चारला. माझ्या शेजारी उभं राहून म्हणाले, पोटदुखी लावा, घड्याळजींची सून. मला कुठे माहीत ती त्यांची सख्खी बहीण. नऊच्या सुमाराला परत आले, म्हणाले, काढा ती. मी म्हटलं, का? तर म्हणाले, बाई अजून आहे. डाक तर गेली होती. मी म्हटलं, मग उद्या दुरुस्ती टाकायची का? ते म्हणाले, काय टाकणार, बाई जिवंत आहे? अशी कुठे बातमी असते का?”

“तुम्ही काही बोलला नाहीत?”

“बाळ, मी खिळे जुळवायचो,” आरसेकाका म्हणाले. “खिळे सुटे केले नाहीत, बातमी तशीच बांधून फळीवर ठेवली. एका दिवसात लागणारच होती.”

त्यांच्या सुनेने माझ्यापुढे चहा आणून ठेवला होता. तो मी घेतला नाही. तिला मी पित्ताचं कारण सांगितलं आणि उठले. पायऱ्या उतरताना लक्षात आलं की मीही पोटाचंच काहीतरी सांगून आले आहे.

ताईला हे सांगावं की नाही, असा मला प्रश्न पडला होता असं मी म्हणणार नाही. कदाचित पडायला हवा होता. बाबांचं वय, ताईचं दुखणं, झाल्या गोष्टी झाल्या, असं म्हणणारी माणसं आमच्या घरात काही कमी नाहीत. पण तिने बेचाळीस वर्षं स्वतःला रडकी पोर ठरवून काढली होती. आईने का सोडलं याचं उत्तर तिला तिच्या मामांच्या हातून मिळालं होतं, आणि ते उत्तर फळीवर तयार बांधून ठेवलेलं होतं.

रविवारी सकाळी बाबा नेहमीसारखे खुर्चीत बसले होते. ताई समोर स्टुलावर, त्यांचा डावा हात स्वतःच्या मांडीवर घेऊन नखं कापत होती. मी रेडिओ उचलून आत ठेवला आणि दोन्ही कागद टेबलावर मांडले.

“बाबा, आत्या बुधवारी दुपारी गेली,” मी म्हटलं. “तुम्ही मंगळवारी चार वाजता तिची बातमी दिलीत.”

ताईची कात्री थांबली. हात मात्र तिने सोडला नाही. बाबांनी कागदांकडे बघितलंसुद्धा नाही, म्हणजे त्यांना काय ते कळलं होतं.

“डॉक्टर म्हणाले होते, संध्याकाळ काढणार नाही,” ते म्हणाले. “पाचला डाक जायची. डाक चुकली असती.”

घाणेरडी वाक्यं वाचण्यातच माझी दोन वर्षं गेली आहेत. इतकं घाणेरडं एकही नव्हतं.

“चुकली असती तर काय झालं असतं, मामा?” ताईने विचारलं. दुकानात गिऱ्हाइकाला बाही किती ठेवू असं विचारते, तसल्याच आवाजात.

“दुसऱ्या पेपरचा माणूस दवाखान्यात घिरट्या घालत होता. त्याने भलतंच काहीतरी छापलं असतं. धाकटीचं लग्न ठरलेलं होतं. आपल्या पेपरात आधी आलं की बाकीचे तेच उचलतात, पोलीससुद्धा.” शिकाऊ बातमीदाराला समजावून सांगावं तसं ते सांगत होते. “घड्याळजी म्हणाले, पोटदुखी लिहा. अण्णांनाही तेच बरं वाटलं. मी एकट्याने नाही ठरवलं.”

अण्णा म्हणजे माझे आजोबा, आत्याचे वडील, आणि धाकटी म्हणजे बाबांची धाकटी बहीण.

“भलतंच म्हणजे काय?” मी विचारलं.

बाबांचा उजवा हात रेडिओच्या रिकाम्या जागेपर्यंत गेला आणि परत आला.

“मामा, आई बोलत होती का?” ताईने विचारलं.

“बोलत होती,” बाबा म्हणाले. “बातमी देऊन मी सहाला तिच्याकडे गेलो. मला वाटलं, एव्हाना आटोपलं असेल. तर उशीला टेकून बसली होती. चांगली शुद्धीवर. मला म्हणाली, दादा, मी काही घेतलं नाही. दुधात होतं. पेला सासूबाईंनी आणून दिला. म्हणाली, मला जायचं असतं तर पोरीला कुशीत घेऊन निजले असते का.”

मी ताईकडे बघायचं टाळलं. तिच्या मांडीवर बाबांचा हात होता, तेवढाच मला दिसत होता.

“मग तुम्ही काय केलंत?” ती म्हणाली.

“शहराची बातमी काढली ना. धावत गेलो छापखान्यात.” हे त्यांनी जरा मान वर करून सांगितलं. “तेवढं केलं मी.”

“आणि पोलीस?” मी म्हटलं.

“जबाब तिच्या सासरच्या गावच्या जमादाराने इथे येऊन घ्यायचा होता. तो बुधवारी पहिल्या गाडीने निघणार होता, आठपर्यंत पोचला असता. त्याने थांब्यावर पेपर घेतला. वाचलं, मृत्यू झाला, तक्रार नाही. घरी गेला परत. मेलेल्या बाईचा काय जबाब घेणार?”

“त्याला कळवायचं होतं. ती आहे म्हणून. एक फोन करायचा होता.”

“माझ्याच पेपरात माझीच बातमी खोटी, असं कळवू?” बाबा म्हणाले, आणि मग खालच्या आवाजात, “धाकटीचं लग्न होतं गं.”

मला त्यांची शिसारी आली. हा माणूस मला खांद्यावर घेऊन फिरला होता, माझ्या शाळेच्या निबंधांतल्या चुका त्याने मायेने काढल्या होत्या, हे सगळं मला माहीत होतं आणि तरी आली. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टाचीसुद्धा आली, आणि तो ताईने शिवलेला होता. ज्या बाईची तक्रार नाही म्हणून यांनी छापलं, ती खाटेवर बसून तक्रार सांगायला माणूस शोधत होती, आणि हे शेजारी स्टुलावर.

“बुधवारी सकाळी तुम्ही तिथे होतात?” ताईने विचारलं.

“होतो. शेवटपर्यंत होतो. तिला एकटं नाही सोडलं मी.”

“शेवटी काय म्हणाली?”

“शेवटी असं काही नाही. विचारत होती.”

“काय?”

“पोलीस आले का.”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“येतायत म्हटलं,” बाबा म्हणाले. “दुसरं काय सांगणार?”

“किती वेळा विचारलं तिने?”

“असं कुणी मोजतं का?”

“आठवा, मामा.”

बाबांनी डोळे मिटले. आठवावं लागत नव्हतं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सांगायचं कसं, एवढंच ते जुळवत होते, आणि या वेळी त्यांना थोडक्यात जमत नव्हतं.

“दवाखान्यासमोरच बसचा थांबा होता,” ते म्हणाले. “गाडी आली की खिडकीतून आवाज यायचा. आठपासून दर अर्ध्या तासाला एक. प्रत्येक गाडीला विचारायची. मी येतायत म्हटलं की मान हलवायची आणि पुढच्या गाडीची वाट बघायची. नंतर दम पुरेना, तरी विचारायची. बाराच्या गाडीला बोलता येत नव्हतं. तेव्हा नुसतं दाराकडे बघितलं.”

ताईने त्यांचा हात मांडीवरून उचलून खुर्चीच्या हातावर ठेवला. कात्री मिटली. पदरावर पडलेली नखं तिने एकेक करून वेचली, कागदात बांधली आणि मग ती माझ्याकडे वळली.

“आठपासून बारापर्यंत,” ती मला म्हणाली. “म्हणजे नव्हती कंटाळली.”